वाटोबाची हळद

आमच्या वाटोबाचा वार सोमवार आणि हिंगोलीच्या संग्रहालयाची सुट्टीही सोमवारीच. हे मला काल कळलं, तेही आबांना गाडीतून उतरवून, त्यांचं धोतर सावरून, हातात काठी देऊन कुलूपबंद फाटकासमोर उभं केल्यावर. माझ्या वडिलांना गाडीतून उतरवणं हा एक कार्यक्रम असतो आणि परत चढवणं हा दुसरा. काल दोन्ही पार पडले आणि पदरात काही पडलं नाही. "सोमवारी देवळाला कुलूप? पुजारी कुठं उलथला?" असं आबा सारखे विचारत होते. ते देऊळ नाही, हे मी त्यांना परत सेनगाव येईपर्यंत समजावत होतो. त्यांनी ऐकलं नाही.

म्हणून आज मंगळवारी पुन्हा तीच वरात. आज संध्याकाळी माझ्या भाचीची, प्रियदर्शनीची हळद आणि उद्या लग्न. गावात मांडव अर्धाच उभा, आचारी तेलाच्या डब्यासाठी फोनवर फोन करतोय, जनरेटरवाला 'निघालोच' म्हणून गायब झालाय, आणि मी हिंगोलीतलं माझं खत-बियाण्यांचं दुकान बंद ठेवून घरच्यांना देव दाखवत फिरतोय. माझ्या डोक्याला किती ताप होता ते मलाच माहीत.

वाटोबा म्हणजे काय, ते आधी सांगतो. सेनगावच्या बाजूला आमचं गाव. तिथं आमच्या शेताच्या बांधावर, जुन्या गाडीवाटेच्या कडेला हा देव होता. हातभर उंच, वर निमुळता, अंगभर शेंदूर. येणारा-जाणारा त्याच्यापुढे एक खडा ठेवून पुढं जायचा. आमच्या घरात लग्न निघालं की पहिली हळद वाटोबाला, आणि ती घरच्या रानातली, घरच्या जात्यावर दळलेली. जी बाई वाटोबाला हळद लावेल, तिनंच त्याच वाटीतलं पहिलं बोट नवरीच्या गालाला लावायचं. आणि ती बाई सवाष्णच हवी. हा नेम कुणी घातला ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तो मोडायचा कुणी हेही कुणाला माहीत नाही.

आता असा हा देव संग्रहालयात कसा गेला? तर आबांनीच दिला. जुन्या व्यापारी मार्गावरच्या वस्तू गोळा करणारी माणसं मध्यंतरी गावात आली होती. त्यांनी वाटोबा निरखून पाहिला, एकमेकांशी कुजबुजले आणि आबांना म्हणाले, "याला आम्ही मोठ्या घरात ठेवतो, लांबून लांबून लोक बघायला येतील." वर शाल, श्रीफळ आणि फोटो. आबा विरघळले. सरकार वाटोबाला हिंगोलीत देऊळ बांधतंय असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि हलगी लावून, नारळ फोडून देवाला जीपमध्ये बसवलं. तेव्हापासून पारावर एकच चालू होतं, "आमचा वाटोबा आता हिंगोलीला ऱ्हातो. सरकार दिवाबत्ती करून राहिलंय."

मी एकदा म्हणालो, "आबा, तिथं दिवाबत्ती नसते."

"तू जाऊन आला का?"

मी गेलो नव्हतो. हिंगोलीत राहणारा माणूस हिंगोलीतल्या संग्रहालयात कशाला जाईल?

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण लग्न ठरलं आणि प्रियदर्शनीनं जाहीर केलं, "पहिलं बोट माझ्या आईचं. न्हाईतर मी हळदच लावून घेणार न्हाई. कोर्टात सही करते आन् मोकळी व्हते."

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अनुसूया आक्का. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून भाऊजी गेले तेव्हा प्रियदर्शनी अंगणवाडीत होती. आक्का लेकीला घेऊन माहेरी आली ती कायमची. आमची हळदीची शेती खरं तर तीच करते. बेणं लावण्यापासून काढणी, शिजवणं, वाळवणं, सगळं तिच्या देखरेखीखाली. काढणीच्या दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात, साबणानं घासले तरी निघत नाहीत. त्या हळदीवर तिनं पोरीला शिकवलं. पोरगी आता वसमतला नर्स आहे. पण घरात लग्नाची हळद निघाली की आक्का मागच्या खोलीत भांडी घासायला बसते. आजवर प्रत्येक लग्नात बसली.

"नेम म्हंजे नेम," आबा म्हणाले. "सवाष्ण असंल तिनंच लावायची. संगिता लावंल."

संगिता ही माझी बायको. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "अहो, मला कशापायी मध्ये घालता? त्या पोरीच्या तोंडाकडं मी कसं बघू?"

आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "माझं काय अडलंय? संगितानं लावली काय आन् मी लावली काय." हे बोलताना ती सुपातल्या तांदळाकडे बघत होती आणि खडे सोडून चांगले दाणे बाहेर टाकत होती. मला तिचाही राग आला. एकदा तरी माणसानं 'मला लावायची आहे' असं तोंडानं म्हणावं की नाही? पण नाही. आमच्या घरात दोघं ओरडणार, एक गप्प बसणार आणि पळापळ मी करणार.

तर अशी ही मंडळी गाडीत. पुढं आबा. मागं संगिता मांडीवर हळदीची वाटी खणाने झाकून, खिडकीशी आक्का, आणि दोघींच्या मध्ये नवरी. हळदीच्या दिवशी नवरीनं गाव सोडू नये म्हणतात. पण ती म्हणाली, "माझ्या माघारी तुमी काही बी उरकून टाकचाल. मी येणारच." वाटेत मोंढ्याजवळ हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकमागे आम्ही अडकलो. सगळी गाडी हळदीच्या वासानं भरली. एवढी हळद पिकवणारा जिल्हा, आणि आमच्या घरात वाटीभर हळदीवरून तोंडं फिरवून बसलेले सगळे.

संग्रहालयाच्या दारात पहारेकरी होता. छातीवर नावाची पट्टी, भीमराज. त्यानं वाटीवरचा खण उचलून पाहिला.

"आतमदी खायाची वस्तू चालत न्हाई."

"हळद आहे," मी म्हणालो.

"मंग हळद खायाचीच वस्तू हाय की साहेब."

माझ्या तोंडात फार वाईट शब्द आला होता. तेवढ्यात आतून एक तरुण बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र, केस वर बांधलेले. त्या देवश्री मॅडम, संग्रहालयाच्या प्रमुख. आबांचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "तातेराव आजोबा? अहो, तुमची वस्तू तर आमच्या दालनाचं मुख्य आकर्षण आहे!" त्यांनी वाटी आत नेऊ दिली, फक्त झाकलेली ठेवा म्हणाल्या.

'वस्तू' हा शब्द आबांना आवडला नाही. पण तोवर ते हात जोडण्यात गुंतले होते. काचेच्या पहिल्या पेटीत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते, त्यांना त्यांनी नमस्कार केला. मग रंगीत मणी, मातीचे दिवे, झिजलेली नाणी, सगळ्यांना नमस्कार. भिंतीवर लाल रेषेनं काढलेला नकाशा होता. समुद्रावरून घाट चढून पैठण, तेर, आणि तिथून एक बारीक फाटा आमच्याकडे. आबांनी नकाशालाही नमस्कार केला आणि त्याच्या शेजारच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यालाही. प्रियदर्शनीला हसू आलं. कालपासून ती पहिल्यांदाच हसत होती, त्यामुळे मी आबांना थांबवलं नाही.

शेवटी आम्ही वाटोबापाशी आलो.

मी ओळखलंच नाही. शेंदूर गेलेला, खाली उघडी पडलेली फिकट तांबूस माती. आणि मुख्य म्हणजे काचेच्या पेटीत तो लोखंडी कड्यात अडकवलेला होता, निमुळतं टोक खाली आणि फुटकी रुंद बाजू वर. आमच्याकडे होता त्याच्या बरोबर उलटा.

आबा पेटीजवळ गेले, वाकले, सरळ झाले. काठी फरशीवर आपटली.

"देव डोक्यावर उभा केलाय!"

दालनभर आवाज घुमला. भीमराज धावत आला.

"अंगावरचा शेंदूर खरवडला, दिवा न्हाई, बत्ती न्हाई, आन् वरून डोकं खाली, पाय वर! काहून? कोणत्या गुन्ह्याची सजा हाय ही? आधी सरळ करा त्याला. मंग आमची सून हळद लावंल, मंगच मी हितून हलंल."

"आबा, हळू," मी म्हणालो.

"तू गप. तुला ठावं व्हतं हे?"

म्हणजे शेवटी ते माझ्यावर आलंच. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला होता. मला वाटलं, चला, इथं निदान एक तरी माणूस माझ्यासारखं वैतागलेलं आहे.

"आजोबा, वस्तूला काही लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हळद मातीत मुरते, मग निघत नाही. शेंदूर काढायलाच आम्हाला किती दिवस लागले. तो फेकलेला नाही, आत डब्यात जपून ठेवलाय. पण पेटी उघडायची मला परवानगी नाही."

"मंग सरळ तर करा!"

मॅडमनी आबांना हातानं थोपवलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तो सरळच आहे."

त्यांनी आबांना शेजारच्या चित्रापाशी नेलं. चित्रात एक जहाज होतं आणि जहाजाच्या पोटात लांबट रांजण दाटीनं उभे केलेले, प्रत्येकाचं टोक खाली. वर अरुंद तोंड, दोन कान. मॅडमनी सगळं सांगितलं. समुद्रापलीकडून हे रांजण बंदराला यायचे, तिथून बैलांवर, गाड्यांवर घाट चढून आत. इतका लांब आलेला एखादा वाटेत फुटायचा. फुटला की तिथंच टाकून लोक पुढं जायचे. आमच्या बांधावरचा वाटोबा म्हणजे अशाच एका रांजणाचं बूड.

"काय असायचं त्याच्यात?" प्रियदर्शनीनं विचारलं.

मॅडमनी आबांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं आणि त्या अडखळल्या. "तेल असायचं काहींत," त्या म्हणाल्या.

"आन् ह्याच्यात?" आबांनी विचारलं.

"दारू. द्राक्षांची."

झालं, मी म्हटलं. आता हे इथंच आडवे होणार. संगितानं वाटी घट्ट धरली. आबांनी आयुष्यात दारूच्या दुकानासमोरच्या रस्त्यानं जाणंही टाळलं होतं. आणि त्यांच्या घरातली प्रत्येक नवरी, प्रत्येक नवरा दारूच्या रांजणाच्या बुडाला हळद लावून बोहल्यावर चढला होता. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. उद्याचं लग्न होतंय की नाही, हेच मला आता कळत नव्हतं.

आबांनी काठी उचलली. ते परत पेटीपाशी आले. खाली टेकलेल्या टोकाकडे बघत राहिले, मग वरच्या फुटक्या काठाकडे.

"म्हंजे आमीच उलटा बसिवला व्हता," ते म्हणाले.

"तसं नाही आजोबा," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "ज्यांना सापडला त्यांना जसा वाटला..."

"म्हणा की. उलटा बसिवला व्हता." आबांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त जड गेलं. भीमराजनं आपली खुर्ची आणून दिली. आबा बसले, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. "माझ्या आज्याचं लगीन, बापाचं, माझं. समद्यांनी उलट्यालाच हात जोडले."

मी घड्याळाकडे पाहिलं. आचाऱ्याचा फोन परत वाजत होता. "आबा, चला आता," मी म्हणालो. "जे झालं ते झालं. संगिता लांबूनच हळद दाखवेल, आपण निघू. संध्याकाळ व्हायच्या आत पोचायचंय."

"मामा, मी सांगितलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "मामीच्या हातची मी लावून घेणार न्हाई. मामी, राग नको मानू."

"राग कशाचा," संगिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"अगं, निदान आजचा दिवस तरी!" मी ओरडलो. खरंच ओरडलो. भीमराजनं तोंडावर बोट ठेवलं. मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं बोट खाली घेतलं.

"नको भांडू रं विजू," आक्का म्हणाली. ती मणी ठेवलेल्या पेटीजवळ एकटीच उभी होती, दूर. वाटोबाजवळ ती आलीच नव्हती. "प्रिये, हट्ट करू नको बाई. मी बाजूला उभी ऱ्हाते. मला दिसतंय की हितून."

आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, ते आता पुन्हा नेमावर येणार.

"अनू," ते म्हणाले, "तुझी हळद झाली तवा कोण व्हतं गं?"

आक्का गोंधळली. "आता काय त्याचं, आबा?"

"सांग ना. कोण व्हतं?"

"आई व्हती. मोठी काकू, आत्या... पाच जणी व्हत्या."

"पाची सवाष्णी." आबांनी मान हलवली. "वार सोमवार व्हता. जातं घरचं, हळद रानातली. मी सोता उभा व्हतो बांधावर. काही म्हंजे काही चुकलं नव्हतं. तुझ्या येळंला समदं नेमानं केलं व्हतं मी, पोरी."

पुढचं ते बोलले नाहीत. माझ्या खिशात फोन वाजत राहिला आणि तो बंद करावा एवढंही मला सुचलं नाही. भाऊजींना विहिरीवरून आणलं तो दिवस मला आठवला. इतकी वर्षं हा म्हातारा मनातल्या मनात हेच तपासत बसला होता की काय? आपलं कुठं काय चुकलं, कुठला नेम राहिला. आणि राहिलेला एकही सापडत नव्हता, म्हणून होते ते सगळे आवळून धरले होते.

आबा काठीवर जोर देऊन उठले. मी हात द्यायला गेलो तर झटकला. ते संगितापाशी गेले, तिच्या हातातली वाटी घेतली. मग मण्यांच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि ती वाटी आक्कापुढे धरली.

"घे."

आक्का मागे सरकली. "नको आबा. नेम..."

"ज्याचा नेम हाय त्याला आमी जल्मभर उलटा उभा केला. त्यानं काही मनावर घेतलं न्हाई." एका हातात काठी असल्यानं दुसऱ्या हातातली वाटी कलंडत होती. "घे, म्हंतो ना. सांडंल."

सांडंल म्हटल्यावर आक्कानं वाटी घेतली. हळद सांडू देणं तिच्या हाताला जमण्यासारखंच नव्हतं.

आता प्रश्न मॅडमचा. त्या मघापासून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या तेव्हा नाक लाल झालं होतं. "पेटी उघडता येणार नाही," त्या ठाम आवाजात म्हणाल्या. मग भीमराजला म्हणाल्या, "काच बाहेरून रोज पुसतोच ना आपण?"

"व्हय मॅडम."

"मग उद्या पुसू."

आक्का पेटीसमोर गेली. तिनं पदर डोक्यावर घेतला. बोट हळदीत बुडवलं आणि काचेपाशी नेऊन थांबली. वर फुटका काठ, खाली टोक. आमच्या घरातल्या बायका हळद कपाळाला लावायच्या, म्हणजे टोकापाशी. ते आता तिच्या गुडघ्यांपाशी होतं. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि लहानपणी विचारायची तसं विचारलं, "आबा, कुठं लावू? त्याचं डोकं कंचं धरायचं?"

"कुठं बी लाव," आबा म्हणाले. "त्याला चालतंय."

आक्का खाली बसली आणि टोकासमोर काचेवर बोट टेकवलं. मग उभी राहिली आणि वर, काठासमोरही एक टेकवलं. दोन्हीकडून बरं असावं म्हणून. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याचाही मला राग आला, कारण हातरुमाल गाडीत होता.

"चला," मी म्हणालो. "बाकीचं आता मांडवात. आक्का, वाटी झाक. पहिलं बोट संध्याकाळी, ब्राह्मण सांगेल त्या वेळेला, मग..."

पण माझं या घरात कधी कुणी ऐकलंय? प्रियदर्शनी आईसमोर जाऊन उभी राहिली होती, गाल पुढे करून, डोळे मिटून. आणि आक्कानं, जिला काही अडलं नव्हतं, जिला संगितानं लावली काय आणि तिनं लावली काय सारखंच होतं, तिनं एक बोट नाही तर दोन्ही तळवे वाटीत बुडवले आणि लेकीचा सगळा चेहरा पिवळा करून टाकला.